सहा बोटांचा झोक

पोशेऱ्याच्या पुंजा भोयेची जीप सगळ्या गावाला न्यायची, फक्त त्याच्या बायकोला नाही. सकाळी सातला जीप मोखाड्याकडे निघायची, तेव्हा रखमी डोक्यावर टोपली घेऊन त्याच रस्त्याने चालत असायची. जीप तिच्या बाजूने पुढे जायची. पुंजा हॉर्न वाजवायचा नाही, ती मान वळवायची नाही. मोखाड्याला पोचून ती एसटी धरायची आणि जव्हारच्या बाजाराला जायची. घाट तोच, वळणं तीच. पण एसटीत ती बसायची.

सव्वा वर्ष हे असं चाललं होतं. गावात आता कोणी त्यावर हसतही नव्हतं. हसायचा तो एकटा माघ्या. त्याचीही जीप त्याच रस्त्यावर चालायची.

"पुंज्या, लोकांच्या बाया नेतोस नि स्वतःची पायी चालवतोस. चांगला डायव्हर हाय तू!"

पुंजा गिअर टाकून पुढे निघायचा.

झालं होतं ते एवढंच. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर एकदा जव्हारहून परत येताना जीपच्या टपावर भाताच्या अकरा गोण्या होत्या आणि आत चौदा माणसं. रखमी मागच्या बाकड्याच्या टोकाला बसली होती. मधल्या घाटात एक लांब वळण आहे. कडेला उंबर आहे म्हणून त्याला उंबराचं वळण म्हणतात. तिथे जीप एका अंगावर गेली. आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं. रखमी बाकड्यावरून घसरली आणि गुडघ्यांवर आदळली. तिच्या अंगावर आणखी दोघी आल्या. मग चाक खाली टेकलं आणि जीप सरळ झाली. कोणाला फार लागलं नाही.

"थांबव," रखमी म्हणाली.

ती उतरली. लुगडं झटकलं, टोपली उचलली.

"तू चाकांवर ये. मी पायांवर येते."

तिथून घर सहा मैल होतं. ती चालत आली.

पुंजा मूळचा ड्रायव्हर नव्हे. घरची भाताची आणि नागलीची शेती होती, पण ती पाच भावांत पुरत नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तो भिवंडीला बांधकामावर गेला. दोन वर्षं विटा वाहिल्या, मग हातात थापी आली. पुढची सात वर्षं तो गवंडी होता. परत आला तेव्हा सोबत कामापुरती हिंदी आणली आणि दोरीला लोंबणारा, भिंत सरळ आहे का ते दाखवणारा पितळी ओळंबा आणला. त्या ओळंब्यावर त्याने स्वतःच्या घराची भिंत उभी केली. एकदा मधेच तीन थर उतरवून पुन्हा रचले, कारण खालची एक वीट सूतभर बाहेर होती. गिलाव्यात ते झाकलं गेलं असतं. त्याने झाकलं नाही. नंतर तिसऱ्या हाताची जीप घेतली, तीही त्याच रीतीने. आधी खाली झोपून पाहिली, मग वर बसून.

आता त्याला एकच गोष्ट छळत होती. जीप का झुकते?

माघ्या म्हणाला, "जीप हाय ती. झुकायचीच."

"पण का?"

"का म्हणजे? वळण हाय म्हणून."

हे पुंजाला पुरेना. फाल्गुनात एके दिवशी त्याने दुपारची फेरी सोडली आणि उंबराखाली जाऊन बसला. तीन तास बसला. एसटी गेली, झुकली. ट्रक गेला, तोही झुकला. माघ्याची जीप तर एवढी झुकली की टपावरचा माणूस झाडाकडे हात करून हसला. मग जव्हारजवळचा शिरपामाळ बघायला आलेल्या कोणा पाहुण्यांची पांढरी गाडी गेली. वेगात होती, पण ती सपाट गेली. पाण्यावरून पान जावं तशी.

पुंजा उठून उभा राहिला. गाडी दिसेनाशी झाली तरी तो उभाच होता.

तीच गाडी दोन दिवसांनी त्याला जव्हारात चंद्रकांतच्या गॅरेजमध्ये दिसली. चाकाचं पंक्चर काढायला तिला जॅकवर घेतलं होतं. पुंजाने कोणाला विचारलं नाही. तो सरळ खाली शिरला.

चंद्रकांत हा जव्हारातला जुना मिस्त्री. बापाचं सायकलचं दुकान होतं, याने गॅरेज केलं. त्याला फक्त पुंजाचे पाय दिसत होते.

"काय रे, देव हरवला का तुझा खाली?"

"चंदूशेठ, हा दांडा कशाला?"

"कुठला?"

"पुढच्या दोन चाकांच्या मधे. आडवा गेलाय नि टोकांना वाकलाय. माझ्या गाडीला हा नाय."

"बाहेर ये आधी. जॅक जुना आहे."

पुंजा बाहेर आला. चंद्रकांतने हात पुसायचं ओलं फडकं उचललं आणि त्याचं एक टोक पुंजाच्या हातात दिलं.

"घट्ट धर. मी पिळतो. सोडायचं नाही."

त्याने दुसऱ्या टोकाने पीळ दिला. पुंजाचं मनगट आपोआप वळू लागलं.

"हात ओढतोय," पुंजा म्हणाला.

"तेच. वळणावर बाहेरचं चाक वरच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये दबतं आणि आतलं मोकळं होतं. एक टोक वर, एक खाली. दांड्याला पीळ बसतो. लोखंडाला पीळ नको असतो. ते सुटायला बघतं, आणि सुटताना दोन्ही चाकांना एका पातळीत ओढतं. म्हणून गाडी कमी झुकते. स्टॅबिलायझर म्हणतात त्याला."

"दोन्ही चाकं एकदम दबली तर?"

"मग पीळ नाही. दांडा गप्प."

पुंजाने फडक्याचं एकच टोक वर उचललं.

"नि एकच चाक दगडावर चढलं तर?"

चंद्रकांत हसला. "ते तुला पोशेऱ्याचा रस्ता सांगेल. मी कशाला सांगू?"

संध्याकाळी रखमी ओट्यावर नागली पाखडत होती. पुंजा समोर येऊन बसला.

"गाडीला दांडा लावतो. झुकायची नाय मग."

"लाव."

"मग बसशील?"

सूप थांबलं नाही. "तू म्हणशील गाडी सरळ झाली. तुझ्या म्हणण्यावर मी मागंबी बसले होते."

पुंजाने आत खुंटीला टांगलेल्या ओळंब्याकडे बोट केलं. "यानं सांगितलं तं?"

रखमीने ओळंब्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. ते तीन थर उतरवताना विटा तिनेच खाली घेतल्या होत्या.

"तो खोटं नाय बोलायचा," ती म्हणाली. "आता किती झुकते ते माप. त्याच्या निम्मं झालं की मला सांग. मी बसेन."

दुसऱ्या दिवशी पुंजाने जीपच्या छताच्या आडव्या नळीला ओळंबा टांगला. त्याच्यामागे एक फळी बांधली. गाडी सपाट जागी उभी करून दोरी जिथे स्थिर झाली तिथे कोळशाने उभी रेघ मारली. खुणा करायला मेहुणा घेतला. रखमीचा धाकटा भाऊ नवशा पंचायत समितीत शिपाई होता आणि त्या दिवशी सुटीवर होता.

पहिला प्रयोग माणसं भरून केला. तो फसला. घाटातल्या लोकांची जुनी सवय अशी की वळण आलं की सगळे डोंगराच्या बाजूला सरकतात. त्यात ओळंबा हलताना दिसला तेव्हा गाडीत जत्रा झाली. "गेला, गेला!" "चार झालं!" "सरका रं अलीकडं, पुंजाची बायको बसवायची हाय!" एका म्हातारीने तर ओळंबा हाताने धरून ठेवला. बिचाऱ्याला कशाला हलवता, म्हणाली.

"माणसं हलतात," पुंजा नवशाला म्हणाला. "गोणी हलत नाय."

त्याने नदीवरून रेती आणली आणि सोळा गोण्या भरल्या, दर गोणीत साधारण एका माणसाचं वजन. बारा बाकड्यांवर ठेवल्या, चार टपावर. सगळ्या एकट्याने चढवल्या. नवशाचं काम वेगळं होतं.

"वळणाआधीची मोरी ओलांडली की मोजायला लाग, एक, दोन, तीन. मैलाचा दगड आला की थांब. तेवढ्यात दोरी सगळ्यात लांब जाऊन जिथं ठरेल, तिथं खूण कर."

नवशाने खूण केली. उभ्या रेघेपासून सहा बोटं. नवशाला कार्यालयाची सवय. त्याने खिशातल्या कागदावर लिहिलं : बोटे सहा, आकडे पंधरा.

"आकडे कशाला लिहितोस?" पुंजाने विचारलं.

"मोजले ना? मग लिहायचे."

सहाच्या निम्मे तीन. पुंजाला आता काम माहीत झालं.

चंद्रकांतने भंगारातून दोन दांडे मिळवून ठेवले होते. एक अंगठ्याएवढा जाड, दुसरा त्याहून बारीक. "बारीक घे," तो म्हणाला. पुंजाने जाड उचलला. गवंड्याचा हात. जाड भिंत ती मजबूत भिंत.

बसवायला अडीच दिवस गेले. दांडा त्या जीपचा नव्हता, म्हणून त्याला धरणाऱ्या पट्ट्या पोलादी पत्र्यातून कापाव्या लागल्या. करवतीची तीन पाती मोडली. भोकं जागेवर मापून पाडली, कारण चेसीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, डावी बाजू उजवीपेक्षा पाव इंच मागे निघाली. जुना मार असावा. दांड्याची टोकं दोन उभ्या जोडांनी चाकांच्या आसाला बांधली, मधे रबरी बुश घातले. पुंजा बोल्ट आवळायला लागला तेव्हा चंद्रकांतने त्याचा हात धरला.

"गाडी जॅकवर असताना आवळायचं नाही. आधी चाकांवर उतरव, गोण्या चढव, मग खाली शीर आणि आवळ. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहील."

पुंजाने गाडी उतरवली, सोळा गोण्या चढवल्या, खाली शिरला आणि आवळलं. दोन्ही बाजूंना सारखं, पाना तोच, जोर तोच.

घाटात जीप सपाट गेली. पुंजा एकटाच होता, तरी हसला. मग मोखाड्याला चार माणसं बसली, पुढे डांबर संपलं आणि पोशेऱ्याचा दगडांचा रस्ता लागला. डावं चाक दगडावर चढलं की उजवंही ओढलं जाई. जीप झुकत नव्हती, ती डोकं हलवत होती. नाही, नाही, असं. मागची चार माणसं एकमेकांवर आपटली.

"पुंजाभाऊ, आधी बरी होती रं," एकाने सांगितलं. "आधी एका बाजूला पडायचो. आता दोन्ही बाजूला पडतो."

चंद्रकांतचं हसणं पुंजाला आता कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने जाड दांडा काढला आणि बारीक बसवला. पट्ट्या पुन्हा कापाव्या लागल्या. आणखी एक दिवस. पण आता दगडांवर जीप पूर्वीसारखी चालली आणि घाटात पुरेशी सपाट राहिली.

मग पुन्हा सोळा गोण्या, पुन्हा नवशा. आदल्या फेरीला पुंजाने त्याला वळणावर उभं करून बाहेरून बघायला सांगितलं होतं. "भाऊजी, तुम्ही सांगितलेल्या पांढऱ्या गाडीसारखी गेली," नवशाने सांगितलं होतं. त्यामुळे या वेळी पुंजा निवांत होता. वळण घेतलं, दगड गेला, गाडी थांबवली.

"किती?"

नवशाने पुन्हा बोटं लावून मोजलं.

"अरे, किती?"

"सात."

पुंजा मागे गेला. खूण स्वतः पाहिली. बोटं लावून मोजली. सात. दांडा नव्हता तेव्हा सहा होती.

त्याने ओळंब्याची गाठ तपासली. फळी तपासली. गाडी सपाट जागी नेऊन उभी रेघ तपासली. सगळं बरोबर होतं. डोळ्यांना गाडी सरळ दिसत होती आणि ओळंबा म्हणत होता, वाकडी. अख्ख्या आयुष्यात त्याच्या डोळ्याचं आणि ओळंब्याचं भांडण झालं नव्हतं. झालं असेल तेव्हा डोळाच चुकला होता.

माघ्याने हे ऐकलं तेव्हा त्याला उपाय लगेच सुचला. "हळू चालव नि तीन बोटं करून दाखव तिला. झालं."

"ती चोरी झाली."

"कुणाची चोरी?"

पुंजाच्या लेखी ते भिंतीतून बाहेर आलेल्या विटेवर गिलावा मारण्यासारखं होतं.

दोन दिवस तो ओळंबा गाडीत तसाच टांगून फिरला. आणि सपाट, सरळ रस्त्यावर एक शेळी आडवी आली. त्याने ब्रेक मारला. ओळंबा पुढे गेला, काचेच्या दिशेने. रस्ता सपाट होता. गाडी सरळ होती. तरी ओळंबा पुढे गेला. गाडी थांबली तसा परत आला.

शेळी केव्हाच निघून गेली. पुंजा थांबलेलाच. त्याने गाडी चालू केली, थोडी पळवली, पुन्हा ब्रेक मारला. ओळंबा पुन्हा पुढे. आणि त्याच वेळी त्याचं स्वतःचं अंगही पुढे गेलं. तेवढंच, तिकडेच. मागे बसलेली एक बाई ओरडली, "काय लावलंय रं? चढलीय काय सकाळी सकाळी?"

संध्याकाळी तो नवशाच्या घरी गेला.

"तो कागद काढ."

नवशाने काढला. आधी : बोटे सहा, आकडे पंधरा. नंतर : बोटे सात, आकडे तेरा.

"तेरा?"

"दगड लवकर आला. मी म्हणणार होतो, पण तुम्ही सातावरच अडकलात."

पुंजा खाली बसला. गाडी झुकत नाही म्हणून त्याला भीती वाटली नव्हती. भीती वाटली नाही म्हणून पाय जास्त दाबला गेला होता. गाडीचा मीटर बंद होता. तो चालू असता तरी पुंजाने पाहिला नसता.

पुढचा सगळा रविवार मापण्यात गेला. पंधरा आकड्यांनी गेलं तर साडेपाच बोटं. म्हणजे दांड्याने अर्धं बोट काढलं होतं. वीस आकड्यांनी गेलं तर तीन. मग त्याने खाली शिरून दांड्याचे जोड सोडले आणि दांड्याशिवाय वीस आकड्यांनी गाडी नेली. साडेतीन. जोड पुन्हा लावले, गाडी भरलेली ठेवूनच आवळले. चौथ्यांदा नेली. तीनच आलं.

आता त्याच्या डोक्यात ते स्वच्छ झालं. उभ्या भिंतीला ओळंबा लावला की तो भिंतीचं सांगतो. चालत्या गाडीत लावला की माणसाच्या अंगाला काय होतं तेही सांगतो. गाडीला दांडा धरतो. आत बसलेल्याला दांडा धरत नाही. त्याला फक्त ड्रायव्हरचा पाय धरतो.

घरी आल्यावर त्याने रखमीला फळी दाखवली. सगळ्या खुणा तशाच ठेवल्या होत्या, सातची सुद्धा.

"तीन झालं," तो म्हणाला. "पण खरं सांगतो. दांड्यानं अर्धं बोट गेलं. बाकीचं मी हळू चालवल्यानं गेलं. तुला हे चालत नसेल तं नको बसू."

रखमीने सातच्या खुणेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"दांडा लावल्यावर मी जास्त पळवली."

"मला बसवायला दांडा लावलास, नि जास्त पळवलीस?"

"हां."

तिला हसू आलं. ते तिने पदराआड धरलं, पण पुरतं धरता आलं नाही.

"हळू चालव, एवढंच सांगायचं होतंस," पुंजा म्हणाला. "सव्वा वर्ष गेलं नसतं."

"मी सांगितल्यावर चालवली असतीस?"

पुंजाने विचार केला. खोटं बोलायची ही जागा नव्हती.

"नाय."

"मग?" ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

बाजाराच्या दिवशी सकाळी सातला जीप भरली. पुढची जागा पुंजाने मोकळी ठेवली होती. कोणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. रखमी आली. टोपली आधी आत ठेवली, मग एक पाय वर घेतला, थांबली, टपाकडे पाहिलं. टपावर फक्त चार गोण्या होत्या.

"बाकीच्या?"

"दुसऱ्या फेरीला. वर वजन असलं की जास्त झुकते."

ती बसली.

मोखाडा गेलं, घाट लागला. पुंजा वीसच्या हिशेबाने चालवत होता. मागून कुरबुर सुरू झाली.

"पुंजाभाऊ, आज पोचायचं हाय ना?"

"बाजार उठायच्या आत पोचव, एवढंच बघ!"

रखमी मागे न वळता म्हणाली, "घाई असेल त्यानं उतरून पळावं. मी चालत जायची, वाट चांगली हाय."

मागे हशा झाला आणि कुरबुर थांबली. तेवढ्यात माघ्याची जीप हॉर्न वाजवत बाजूने पुढे गेली. एका अंगावर कलंडलेली.

"काय रे पुंज्या, वरात निघाली काय?"

पुंजाने मान हलवली. वरात तर वरात.

उंबराचं वळण आलं. रखमीने समोरची नळी दोन्ही हातांनी धरली. पुंजा मनात मोजत होता. आठ, नऊ, दहा. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं. पंधरा. सोळा. मागची माणसं सवयीने डोंगराकडे सरकली. रखमी सरकली नाही. एकोणीस. वीस. दगड गेला.

तिने एक हात नळीवरून काढला आणि मांडीवर ठेवला. दुसरा हात पुढच्या दोन वळणांपर्यंत तिथेच होता.

त्या दिवसापासून पुंजाच्या जीपची दिवसाची एक फेरी कमी झाली. तो ती पुन्हा वाढवणार नव्हता. जव्हारच्या स्टँडवर माणसं उतरली. रखमी सगळ्यांत शेवटी उतरली. लुगडं सारखं केलं, टोपली डोक्यावर घेतली आणि चार पावलं जाऊन मागे वळली.

"परत कवा निघशील?"

"तीनला."

"सव्वातीनला निघ," ती म्हणाली. "माझं तीनला आटपत नाय."